आमच्या दारावरून पुढे गेलेली माऊली

प्रिय फिलू,

टिंग… टिंग टिंग… टिंग.

आठवते ती घंटी? पितळेची, लाकडी दांड्याची, पोराच्या मुठीत मावेल एवढी. नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या संध्याकाळी आपल्या गावठाणाच्या गल्लीत पुढे ती घंटी, मागे पाटावर मूर्ती, गाढवावर बसलेली गरोदर मरियामाता, दोर धरलेला योसेफ, आणि त्यांच्यामागे कंदील घेतलेली आपली सगळी माणसं. तेव्हा अंधेरीत काळोख पडायचा गं, खराखुरा काळोख! घंटी पार विहिरीपाशी असली तरी तुला ऐकू यायची. पिठाने भरलेले हात तसेच वर धरून तू ओरडायचीस, "आली रे आली! ओ कवी, ऊठ, टेबल पूस!"

आज तुला लिहायला बसलो, कारण काल संध्याकाळी माऊली आपल्या दारावरून पुढे गेली. आपल्याकडे आली नाही.

मला कुणाजवळ तरी हे बोलायचं आहे. तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलू? शेजाऱ्यांजवळ बोलावं तर त्यांनीच हे केलं. फादरांजवळ बोलावं तर ते नवे आहेत, तरुण आहेत, आणि मराठीत बोलायला लागलं की बिचाऱ्यांना घाम फुटतो.

नीट सांगतो. रोज एका घरी मुक्काम, ही आपली रीत. बेथलेहेमात त्या दोघांना कुणी दार उघडलं नाही, म्हणून नाताळापर्यंत आपण उघडायचं. पांढरं टेबलक्लॉथ, दिवा, फुलं, जपमाळ हातात घेऊन शेजारपाजारच्यांची रोझरी, मग गाणी आणि खाऊ. दुसऱ्या संध्याकाळी पुढल्या घरी पोचवणी. घरांचा क्रम ठरलेला, मागच्या गल्लीपासून आपल्या गल्लीतल्या क्रॉसपर्यंत. परवा ती आपल्या डाव्या हाताच्या घरी होती. म्हणजे काल आपली पाळी. हे सांगायला कॅलेंडर लागत नाही.

मी तयारी केली होती, फिलू. तुझ्यासारखी नाही, पण केली. तुझं ते लेसचं टेबलक्लॉथ कपाटातून काढलं. इस्त्री करताना एका कोपऱ्याला पिवळा डाग पाडला, तो भिंतीकडे फिरवला. शेवंती आणली. पांढरा शर्ट घातला. आणि ओटीवर येऊन उभा राहिलो, शाळेत कविता म्हणायला उभा केलेल्या मुलासारखा. हात पाठीमागे, ओठांवर पाठांतर.

तुला माहीतच आहे कसलं पाठांतर. आपलं लग्न झालं त्या वर्षी मी माऊलीच्या स्वागताला चार ओळी जुळवल्या होत्या. शाळेतल्या कवितांच्या चालीवर, मात्रा मोजून.

ये गे माये, ये घरी,
दिवा आहे दारी;
पाय तुझे थकले किती,
वाट झाली भारी.

आणि तू सगळ्यांच्या देखत काय म्हणालीस? "पोटुशी बाय दारात उभी हाय आणि हा तिला वाटेचं सांगतोय! आधी पाणी विचार रे!" सगळी गल्ली हसली होती. मी महिनाभर रुसलो होतो. आणि पुढल्या वर्षी त्याच ओळी तूच सगळ्यांच्या आधी म्हणायला लागलीस, चाल मोडून, मुद्दाम, मला चिडवायला!

तर काल ओटीवर उभा होतो. आता घंटी नसते. लोर्ना, ती आपली पोरांना धर्म शिकवणारी कॅटेकिझमची टीचर, तीच हल्ली हे सगळं बघते. तिच्याकडे ब्लूटूथचा स्पीकर आहे, त्यावर इंग्रजी गाणी लागतात. डाव्या हाताच्या घरातून सगळे बाहेर पडले. पोरं डोक्याला लुकलुकणारे दिवे लावून नाचत होती. पाट आपल्या ओटीपाशी आला, आणि लोर्नाने हात वर केला.

स्पीकर बंद झाला.

पोरांना कुणीतरी "श्श" केलं. सगळे खाली बघत, पाय न वाजवता, आपल्या घरासमोरून गेले. जणू काही घरात प्रेत आहे. उजव्या हाताच्या घराच्या पायरीवर पाट चढला, तेव्हा गाणं परत सुरू झालं.

पंगतीत वाढपी एक पान सोडून पुढे जातो ना, तसं वाटलं गं. आणि आपण पान मांडून बसलेलो, भूक लागलेली!

लोर्ना मागे थांबली होती. चांगली मुलगी आहे ती, मी वाईट नाही म्हणणार. डोळे ओले करून म्हणाली, "अंकल, यंदा तुमच्याकडे नको म्हटलं. दुखाचं घर ना… आन्टीला जाऊन दोन महिने पण नाय झाले. ही पोरं, गाणी, खाणं… तुम्हाला उगीच त्रास. नेक्स्ट इयर पक्का, हां?"

"बरं केलंस," मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार होतो? की बाई, माझा पांढरा शर्ट बघ? माझ्या मागे टेबलावर दिवा आहे, तो दिसत नाही का तुला? दुखाच्या घरी त्या वर्षी गोड करायचं नसतं, नाताळची चांदणी टांगायची नसते, हे मला माहीत आहे. शेजारी खाऊची झाकलेली थाळी पाठवतात, तीही येईल. पण रोझरीसुद्धा नाही? देवाची आईसुद्धा नाही? तिला जागा न देणारे बेथलेहेमवाले तरी बरे! इथे तर जागा आहे. दोन खोल्या रिकाम्या आहेत. आणि पाहुणीला परस्पर पुढच्या घरी!

आज ती शेवटच्या घरी आहे. उद्या सकाळी मूर्ती चर्चमध्ये परत. ते टेबलक्लॉथ अजून तसंच आहे. त्याचाच एक कोपरा दुमडून, त्या जागेत कागद ठेवून मी हे लिहितोय.

रागावलोय मी, फिलू. फार रागावलोय. आणि गंमत बघ, हा सगळा आनंदाचा काळ चाललाय! तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये ती गुलाबी मेणबत्ती लावली. जांभळ्या मेणबत्त्यांमध्ये ती एकटीच गुलाबी, लहानपणी मला वाटायचं दुकानदाराने चुकून दिली असेल. फादरांनी सांगितलं, आजचा रविवार आनंदाचा. संत पौलाने लिहिलंय, सर्वदा आनंद करा. आणि वर म्हणाले, लक्षात घ्या, पौल तुरुंगात होता हं!

मी बाकावर बसून मनात म्हटलं, फादर, पौलाला तुरुंगात पहारेकरी तरी होता! रात्री खोकला आला तर "काय झालं" म्हणून विचारायला!

बाहेर एकाने माझा हात धरून "हॅपी अॅडव्हेंट, अंकल" म्हटलं. मी म्हटलं, "तुमालाही." आणि रिक्षा न करता घरी चालत आलो, डोकं थंड व्हावं म्हणून. नाही झालं. मेट्रोच्या खांबांखालून येताना सगळीकडे लायटिंग. मॉलवाल्यांनी काचेत बर्फ केलाय, कापसाचा. अंधेरीत बर्फ! आपली पोरं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात.

मेल्विनचा फोन आला होता. मुलगा आहे, काळजी करतो. कॅनडातून बसून दुसरं काय करणार? म्हणाला, "डॅडी, तिकडे एक ग्रीफ ग्रुप जॉइन करा ना, आपलं माणूस गेलेल्यांचा, ऑनलाइन असतो." मी म्हटलं, "अरे, आपल्याकडे गल्लीत माणसं असायची, त्याला काय म्हणायचे ते आठव आणि सांग मला."  मग मीच विषय बदलला, त्याच्याकडच्या थंडीचं विचारलं. तू असतीस तर माझ्या हातून फोन ओढून घेतला असतास. "पोराला कशाला टोचतोस रे?"

तुझ्यावर पण राग आहे. आज सगळंच लिहितोय तर तेही लिहितो.

मे महिन्यात बाटल्यांचा मसाला केलास. बिअरच्या तपकिरी बाटल्या धुऊन गच्चीवर उन्हात ओळीने उभ्या, नेहमीसारख्या. पण यंदा बाटल्या जास्त होत्या. मी म्हटलं, "एवढा कोण खाणार गं? दोघंच तर आपण." तू बाटलीत मसाला काठीने ठासत म्हणालीस, "राहील. पुढल्या वर्षी मना जमेल न जमेल."

तुला ठाऊक होतं ना? डॉक्टरने तुला एकटीला सांगितलं होतं की तूच ओळखलंस? आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यायचीस आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला बोंबलाच्या लोणच्याची कृती सांगायचीस. मी बाहेर बाकड्यावर बसून ऐकायचो आणि म्हणायचो, हिला काही होत नाही. मसाला भरून ठेवलास, पण एक वाक्य नाही सांगितलंस. आता बाटली उघडतो, कढीत मसाला घालतो, आणि घास गिळत नाही. असलं कसलं ठेवून जाणं गं?

पण खरं विचारायचं आहे ते वेगळंच.

आपला अँटनी गेला ते वर्ष. चार वर्षांचं पोर, तापाने तीन दिवसांत गेलं. डिसेंबर आला. तेव्हाही म्हाताऱ्या बायकांनी हेच ठरवलं होतं, दुखाचं घर आहे, माऊलीला यंदा तिथे नको न्यायला. रीतच होती ती. मी आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. घंटी ऐकू आली. लांबून जवळ, जवळून आणखी जवळ. आणि मग तुझा आवाज ऐकू आला. तू गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली होतीस, हातात कंदील घेऊन.

"आमच्या घराला काय झालंय? महारोग झालाय? वळवा पाट! आत आणा तिला!"

एक म्हातारी म्हणाली, "फिलोमिना, बाय, तुझं दुख ताजं हाय गो."

"म्हणूनच सांगतंय! तिचं पोर पण जाणारच हाय ना एक दिवस? तिला माझ्याकडे नाय यायचं तर कुणाकडे?"

 पाट वळला. माऊली आत आली. आणि तू गायलीस, फिलू! आवाज फाटला, नाक वाहिलं, पण शेवटच्या कडव्यापर्यंत गायलीस. दुसऱ्या दिवशी ओटीवर चांदणीसुद्धा टांगलीस. बायका कुजबुजल्या. माझी आई तर आठवडाभर तुझ्याशी बोलली नाही.

मीही चिडलो होतो. रात्री जेवताना म्हटलं, "तुला गाणं सुचतं कसं? एवढा कसला आनंद झालाय तुला?"

तू भात वाढत होतीस. हात थांबवला नाहीस. म्हणालीस, "आनंद कुठला रे? नाय झालाय. पण तो आला तर त्याला बसायला जागा नको? मी जागा करून ठेवतंय."

 इतक्या वर्षांत मी शाळेतल्या केवढ्या कविता तुला म्हणून दाखवल्या. आणि तू कांदा चिरत म्हणायचीस, "छान हाय. आता नारळ खव." पण त्या सगळ्या कवितांत तुझ्या त्या वाक्याएवढी ओळ मला सापडलेली नाही. आणि माझा राग हाच आहे! तुला ते येत होतं. गल्लीत उभं राहून पाट वळवायला येत होतं. दुःखाला बाजूला न सारता त्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडायला येत होतं. मला का नाही शिकवलंस? काल माझ्या तोंडासमोरून पाट गेला आणि मी "बरं केलंस" म्हणालो!

तो आनंद तू कसा आणायचीस गं? देवाकडे मागायचीस, की भांडून घ्यायचीस?

मी आज दुपारी प्रयत्न केला. खोटं नाही सांगत. त्या टेबलापुढे उभा राहिलो. मूर्ती नाही, नुसता दिवा. माझ्या त्या चार ओळी म्हणायला लागलो. दुसऱ्या ओळीवर अडकलो. माझ्याच ओळी, मीच मात्रा मोजलेल्या, आणि मला आठवेनात! मग खुर्चीवर बसून रडलो. तुझ्या मातीच्या दिवशीसुद्धा एवढा रडलो नव्हतो, तेव्हा माणसं होती. रडून झाल्यावर हलकं वाटेल म्हणतात. मला फक्त भूक लागली. काल रात्रीचा पाव होता तो चहात बुडवून खाल्ला.

आणि पाव खाताना एक विचार आला, तो तुला सांगतो. तू त्या दिवशी गल्लीत उभी राहिलीस, ती काय खूश होतीस म्हणून? नाही. तू माझ्यापेक्षा जास्त रागावलेली होतीस. मी तुझा चेहरा पाहिला नव्हता, पण आवाज ऐकला होता. तो भांडणाचा आवाज होता. म्हणजे राग असला तरी चालतो. राग घेऊनही दार उघडता येतं. फादरांनी हे सांगितलं असतं तर मी त्यांच्या गुलाबी मेणबत्तीला हात जोडले असते. आनंद करा, असं कुणी सांगितलं की मला शाळेतला व्यायामाचा तास आठवतो. एक दोन तीन, हसा! पण दार उघडं ठेव, एवढं सांगितलं, तर ते मी करू शकतो. गुडघे दुखतात, पण दारापर्यंत जाता येतं.

म्हणून तुला शब्द देतो, फिलू. चांदणी टांगेन की नाही, ठाऊक नाही. नाताळच्या मिस्सेला चर्चमध्ये गाईन की नाही, तेही ठाऊक नाही. पण पुढल्या आगमनकाळात मी असलो, तर या गल्लीतलं एकही दुखाचं घर वगळू देणार नाही. लोर्नाला सांगेन. तिने ऐकलं नाही तर पाटाच्या पुढे जाऊन उभा राहीन, तुझ्यासारखा. मला तुझ्याएवढं मोठ्याने ओरडता येणार नाही. पण उभा राहीन.

अँटनीला माझा मुका दे. तो आता तुझ्यापाशी आहे, एवढं मला हेवा वाटण्याइतकं पक्कं ठाऊक आहे.

तुझा,
बेनी

सही करून कागद घडी घालत होतो तर दार वाजलं. पुन्हा उघडून लिहितोय, उभ्याउभ्याच.

मला वाटलं लोर्ना, झाकलेली थाळी घेऊन. नाही. मार्था आहे. तू तिला ओळखायचीस की नाही, मला माहीत नाही. मागच्या गल्लीत भाड्याने राहते, नगरकडची, नवरा रात्रपाळीला जातो. मी तिला नळावर पाणी भरताना पाहिलंय, एवढंच. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मेणबत्ती.

म्हणाली, "काका, माऊली तुमच्याकडे आहे ना आज? परवा शेजारच्या घरी होती म्हणे, आता तुमच्याकडे असेल. मी म्हटलं उद्या तर परत नेणार. लोकं गेल्यावर पाच मिनिटं बसून येऊ."

मी विचारलं, "तुमच्याकडे नाही आली का?"

"बुधवारी येणार होती. पण टीचर म्हणल्या, यंदा राहू दे." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "माझं बाळ गेलं ना जुलैत. सातवा चालू होता."

मला माहीत नव्हतं, फिलू. आपल्या मागच्या गल्लीत! कालपासून मी समजत होतो की या गावठाणात वगळलेलं घर एकच आहे.

मी म्हटलं, "बाय, माझ्याकडेपण नाही आली. मलाही सोडून पुढे गेले."

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्यामागे, आतल्या टेबलाकडे. टेबलक्लॉथ, दिवा, शेवंती, सगळं मांडलेलं आणि मधली जागा रिकामी. आणि ती हसली गं! डोळे भरलेले, पण हसली.

"मग हे कुणासाठी मांडलं?"

 मी म्हटलं, आत ये.

ती चपला काढतेय.